मीटिंगमध्ये माझं प्रत्येक वाक्य ‘आय थिंक’ने सुरू होतं. इंग्रजीत दुसरं काय म्हणता येईल?

‘आय थिंक’ वाईट नाही, फक्त दर वाक्याला नको. एखादी गोष्ट आत्ताच सुचली असेल तर ‘इट जस्ट ऑकर्ड टू मी’ म्हणा. आधी हो म्हणालात आणि मग मत बदललं, तर ‘ऑन सेकंड थॉट’. लगेच उत्तर द्यायचं नसेल तर ‘लेट मी स्लीप ऑन इट’. हे बॉससमोरही चालतं, आळशी वाटत नाही.

माझा आवडता म्हणजे ‘डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट’. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संत ठरवण्याआधी त्याच्याविरुद्ध मुद्दे मांडायला खास अधिकारी असे, त्यालाच डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट म्हणजे ‘सैतानाचा वकील’ म्हणत. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ साली हे पद रीतसर निर्माण केलं. त्यामुळे ‘लेट मी प्ले डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट, व्हॉट इफ द व्हेंडर इज लेट?’ असं विचारलं की समोरच्याला कळतं, हा विरोध करत नाहीये, मुद्दा तावूनसुलाखून बघतोय. रोज मात्र वापरू नका, खुसपटं काढणारा म्हणून नाव पडेल.

आणि हो, मत सांगताना ‘आय अ‍ॅम थिंकिंग दॅट’ नको. विचार अजून चालू असेल तेव्हा ‘आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट इट’.