तिसरीपर्यंतचे वाचन, पाचवीची परीक्षा : पालकांचे प्रश्न

वार्षिक निकाल जवळ आले की वाचनाविषयी आणि वरच्या वर्गात जाण्याविषयी पालकांची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. प्रश्न निरनिराळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी असलेला गोंधळ बहुतांशी एकच आहे, म्हणून पहिल्या उत्तरात त्याची थोडी सविस्तर चर्चा केली आहे.

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. पाठ्यपुस्तकातील धडे तो घडाघडा वाचतो, पण वर्तमानपत्रातील किंवा दुसऱ्या एखाद्या पुस्तकातील ओळ दाखवली की अडतो. प्रगतिपत्रकात मराठीची श्रेणी चांगली आहे. बाई म्हणतात, ‘तो तिसरीत जाईलच, काळजी करू नका.’ आम्ही काळजी करावी की करू नये? – एक आई

उत्तर : तिसरीत जाणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाईंनी आपल्याला फक्त पहिल्या गोष्टीचे उत्तर दिले आहे. ते उत्तर खरेही आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात ठेवू नये, अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला अपवाद केला तो केवळ पाचवी आणि आठवी या दोन इयत्तांचा. म्हणजे पहिली ते चौथीपर्यंत मूल पुढे जातच राहते, मग त्याला वाचता येवो अथवा न येवो. नापासाच्या भीतीने लहान मुलांनी शाळा सोडू नये हा त्यामागचा हेतू रास्त आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. मात्र त्यामुळे ‘वरच्या वर्गात घातले’ हा शेरा वाचनाविषयी काहीही सांगत नाही, हे पालकांनी पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. श्रेणीचेही काही अंशी तसेच आहे, कारण आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राच्या अखेरीस होणाऱ्या) मूल्यमापनात तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, लेखी चाचणी असे बरेच काही एकत्र येते आणि त्यात वाचनातील नेमकी अडचण झाकली जाऊ शकते.

दुसऱ्या गोष्टीचे मोजमाप स्वतंत्र आहे. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत अंकगणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे असे त्यात ठरले. या अभियानानुसार पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये असलेला छोटा मजकूर वाचावा, दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, अशी अपेक्षा आहे. यातील महत्त्वाची अट अशी की मजकूर मुलाने आधी पाहिलेला नसावा. आपला मुलगा अडतो तो नेमका तिथेच.

पाठ्यपुस्तकातील धडा वर्गात पुन्हा पुन्हा ऐकल्याने तो पाठ होतो आणि मूल पानावर बोट फिरवत तो म्हणून दाखवते. हे ओळखणे सोपे आहे. धड्यातील एक ओळ हाताने झाकून मुलाला पुढे वाचायला सांगावे. झाकलेली ओळही त्याने बिनचूक म्हटली, तर ते वाचन नव्हे. किंवा ओळीच्या मध्यावरचा एखादा शब्द दाखवून तेवढाच विचारावा. त्यानंतर दुसरीच्या पातळीचा, पण त्याच्या पुस्तकात नसलेला सात-आठ ओळींचा मजकूर द्यावा आणि तो कुठे अडतो याची शांतपणे नोंद करावी. ‘पिवळी’ हा शब्द तो ‘पिशवी’ असा वाचत असेल, तर पहिले अक्षर पाहून तो उरलेल्या शब्दाचा अंदाज बांधत आहे. ‘पिवळी’ची ‘पीवळी’ किंवा ‘पवळी’ होत असेल, तर अडचण स्वरचिन्हांची आहे, आणि पहिली वेलांटी मुलांना अवघड जाते यात नवल नाही, कारण ती डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते आणि कानांना नंतर ऐकू येते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत घोटाळा होत असेल, तर अक्षरओळखच अजून पक्की झालेली नाही. फक्त जोडाक्षरांवर आणि रफारावर अडत असेल, तर दुसरीच्या मुलासाठी ती फारशी चिंतेची बाब नाही. सर्व शब्द बरोबर वाचूनही ‘मग त्या मुलीने काय केले?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही, तर मात्र त्याची सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यात संपते आहे, असे समजावे.

तेव्हा काळजी करावी, पण घाबरून जाऊ नये. ‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीविषयीच्या अहवालासाठी २०२४ मध्ये झालेल्या ग्रामीण भारताच्या पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले अवघी २७.१ टक्के आढळली होती. आपला मुलगा यात एकटा नाही. आपण केलेली नोंद घेऊन बाईंना पुन्हा भेटावे आणि ‘तो तिसरीत जाईल का?’ असे न विचारता ‘न पाहिलेला मजकूर तो कसा वाचतो आणि त्याला नेमकी कोणती मदत सुरू आहे?’ असे विचारावे. हा प्रश्न म्हणजे शिक्षकांवरचा अविश्वास नव्हे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांना नियमित भेटून प्रगतीची माहिती देणे, ही शिक्षकांची कर्तव्ये शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २४ मध्ये लिहिलेली आहेत.

प्रश्न : मिनिटाला ६० शब्दांचे उद्दिष्ट समजल्यापासून मी रोज घड्याळ लावून मुलीचे वाचन घेतो. ती तिसरीत आहे. सुरुवातीला वेग वाढला, आता ती पुस्तक दिसताच रडते. काय करावे? – एक वडील

उत्तर : घड्याळ आजच बाजूला ठेवावे. हा आकडा शाळांच्या कामाची दिशा ठरवण्यासाठी आहे, उत्तीर्ण होण्याची अट म्हणून नाही. वेगाला महत्त्व एवढ्याचसाठी की फार हळू वाचणाऱ्या मुलाला वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात आठवत नाही आणि अर्थ निसटतो. घाईघाईने वाचल्यावरही अर्थ तसाच निसटतो. काही आठवडे आपण तिला वाचून दाखवावे, मग एक वाक्य आपण आणि एक तिने असे वाचावे, आणि गोष्टीविषयी बोलावे. आवडलेली गोष्ट ती पुन्हा पुन्हा मागेल, ती मागू द्यावी, कारण अर्थ कळलेल्या मजकुराच्या पुनर्वाचनातून वेग आपोआप येतो. मोजायचेच झाले तर महिन्यातून एकदा, तिच्या नकळत मोजावे.

प्रश्न : नातू चौथीत आहे आणि अजून अडखळत वाचतो. पाचवीला आता नापास करतात असे ऐकले. त्यापेक्षा त्याला आत्ताच चौथीत आणखी एक वर्ष ठेवा, अशी विनंती शाळेला करावी का? – एक आजोबा

उत्तर : चौथीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा कायदा शाळेला देत नाही, त्यामुळे अशी विनंती करू नये. ती मान्य झाली असती तरीही मी तिची शिफारस केली नसती, कारण स्वरचिन्हांपाशी अडलेल्या मुलापुढे चौथीचेच धडे वर्षभर पुन्हा ठेवल्याने ती अडचण सुटत नाही, आणि सोबतचे मित्र पुढे गेल्याचे दुःख मात्र त्याच्या वाट्याला येते.

पाचवीविषयी आपण ऐकले ते खरे, पण अर्धे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला तीन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास हे विषय असून प्रत्येकात किमान ३५ टक्के गुण लागतात. कमी पडल्यास मूल लगेच नापास होत नाही. त्याला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यायची, असे कायदा सांगतो. त्यातही यश न आल्यासच त्याला पाचवीत ठेवले जाते, आणि तसे झाले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही.

मला खरी चिंता वाटते ती या परीक्षेच्या स्थानाची. वाचन पक्के व्हायला हवे तिसरीपर्यंत, आणि पहिली अडवणारी परीक्षा येते पाचवीला. मधल्या दोन वर्षांत परिसर अभ्यासाचे धडे आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे वाचल्याशिवाय कळत नाहीत, त्यामुळे मूल सर्वच विषयांत मागे पडते आणि घरात समज होतो की त्याला गणित येत नाही. आपल्याजवळ अजून वर्षाहून अधिक काळ आहे. त्याची पातळी अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या क्रमाने पाहावी. तो जिथे सहज वाचतो तिथूनच सुरुवात करावी; ती पातळी पहिलीची निघाली तरी संकोच बाळगू नये. रोज वीस मिनिटे पुरतात, मात्र ती रोज हवीत.

त्याआधी नजर आणि ऐकणे यांची तपासणी करून घ्यावी. नियमित मदत मिळूनही चार-सहा महिन्यांत फरक दिसला नाही, तर तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील मूळच्या अडचणीची, चाचणी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. अशा मुलाला आळशी म्हणणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

प्रश्न : मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत आहे. घरी मराठी वाचायला शिकवले तर तिचा गोंधळ होईल का? – एक आई

उत्तर : होणार नाही. जी भाषा मूल बोलते, त्या भाषेत वाचताना जुळवलेला शब्द ओळखीचा निघतो आणि अर्थ लगेच लागतो. शब्द फोडून वाचण्याची ही सवय दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. दोन्ही लिप्यांची अक्षरे एकाच बैठकीत शिकवू नयेत, एवढे पथ्य पाळावे.