इंग्लंडमध्ये ‘डिपॉझिट’ म्हणजे नेमकं काय?

एजंटने एकाच घरासाठी दोनदा डिपॉझिट मागितलं, ही फसवणूक तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. नाही. आपल्याकडे अनामत एकच असते. इथे भाड्याच्या घराला दोन प्रकारचं डिपॉझिट असतं आणि दोन्हींवर कायद्याने मर्यादा आहे.

पहिलं होल्डिंग डिपॉझिट, म्हणजे घर तुमच्यासाठी राखून ठेवण्याचे पैसे. एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. वेगळी तारीख लेखी ठरली नसेल तर १५ दिवसांत करार व्हावा लागतो. मालकाने मन बदललं तर पैसे परत मिळतात. तुम्ही बदललंत किंवा पगाराबद्दल चुकीची माहिती दिलीत, तर बुडू शकतात. त्यामुळे मन पक्कं झाल्याशिवाय भरू नका.

दुसरं टेनन्सी डिपॉझिट, हीच खरी अनामत. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर कमाल पाच आठवड्यांचं भाडं. इथे हिशोब चुकतो, कारण महिन्याच्या भाड्याला सरळ चाराने भागलं जातं. महिन्याचं भाडं १,३०० पौंड असेल तर १२ ने गुणून ५२ ने भागा: आठवड्याचे ३०० आले. म्हणजे होल्डिंग ३००, टेनन्सी १,५००. चाराने भागून पाच आठवडे धरले तर १,६२५ होतात. ते वरचे १२५ पौंड बेकायदा. होल्डिंगचे ३०० बहुधा पहिल्या भाड्यात किंवा अनामतीत वळते करतात. तसं लेखी घ्या. रेफरन्स तपासणीची (म्हणजे तुमच्या पगाराची, आधीच्या घरमालकाकडची चौकशी) किंवा करार बनवण्याची वेगळी फी मात्र २०१९च्या कायद्याने बंद आहे, मागितली तर देऊ नका.

अनामत मिळाल्यापासून ३० दिवसांत मालकाने ती अनामत सुरक्षित ठेवणाऱ्या सरकारमान्य योजनेत नोंदवून तुम्हाला तपशील द्यायचा असतो. नाही दिला तर कोर्ट अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम तुम्हाला द्यायला लावू शकतं. तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवाच.

घर सोडताना वाद होतो तो बहुतेक वेळा साफसफाईवरून: ओव्हनच्या आतला चिकट थर, नळावरचे क्षारांचे डाग. राहायला गेल्या दिवशीच इन्व्हेंटरीतली (घरातल्या वस्तू आणि त्यांची स्थिती यांची यादी) प्रत्येक नोंद पडताळा, फोटो काढा आणि एजंटला ईमेल करा. वापराने होणाऱ्या साध्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. कपात पटली नाही तर त्या योजनेकडेच मोफत निवाडा मागता येतो.

ऑफिसात कुणी ‘डिपॉझिटसाठी पैसे साठवतोय’ म्हणालं, तर ते एफडीबद्दल बोलत नसतात. घर विकत घेताना कर्जाव्यतिरिक्त स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, तिलाही इथे डिपॉझिटच म्हणतात.

हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडला जाणार असाल तर तिथे अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येते.