घरचा मार, शाळेतली मारामारी

प्रश्न : सहावीतला एक मुलगा रांगेत साधा धक्का लागला तरी ठोसा मारतो. वडिलांना फोन केला तर म्हणाले, ‘चांगला बदडा त्याला, सर.’ काय करू?
– एक वर्गशिक्षक

उत्तर : त्या एका वाक्यात बरंच कळलं. घरी मार खाणारं मूल समोरच्याचा राग फार लवकर ओळखतं, कारण पुढचा फटका चुकवायचा असतो. वर्गात हीच सवय उलटते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी १९९० साली हे लहान मुलांत दाखवलं होतं : चुकून लागलेला धक्काही अशा मुलांना मुद्दाम मारलेला वाटतो.

म्हणून वहीत लाल शेरा लिहू नका. संध्याकाळी घरी पट्टा निघेल. मारामारी सोडवल्यावर त्याला बाजूला बसवा, पाणी द्या, दहा मिनिटं काही विचारू नका. मग ‘का मारलंस?’ऐवजी ‘त्यानं धक्का का दिला असं वाटलं तुला?’ असं विचारा. उत्तर बहुधा ‘मुद्दाम’ असंच येईल. दुसरं कारण काय असू शकेल, हे त्याच्याकडूनच काढा. एकदा विचारून भागत नाही, महिनोन् महिने लागतात. दोन आठवडे नोंद ठेवा : वार, तास, आधी काय घडलं. सोमवारी सकाळीच भांडणं होत असतील तर रविवारी घरी काय होतं, इकडे लक्ष द्या. ज्याला ठोसा बसला त्याची माफी मात्र मागायलाच लावा. आणि छडी नकोच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार तिला बंदी आहे.

प्रश्न : नवरा मला मारतो, मुलाला बोटही लावत नाही. तरी मुलगा शाळेत हात का उगारतो?
– एक आई

उत्तर : भिंतीपलीकडून ऐकलेलंही पुरतं, ताई. वाद कसा जिंकायचा, हे तो घरात रोज बघतो. अशी सगळीच मुलं मारकुटी होत नाहीत. काही अगदी गप्प होतात, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. मुलाच्या समुपदेशनाआधी घरातला मार थांबायला हवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. नवऱ्यानं घराबाहेर राहावं, असा आदेशही न्यायालय देऊ शकतं.

प्रश्न : वळ दिसले, पण मुलगी म्हणते, ‘कुणाला सांगू नका.’
– एक शिक्षिका

उत्तर : तसं वचन देऊ नका. ‘मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन,’ म्हणा. तिचे शब्द जसेच्या तसे लिहा, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. मुख्याध्यापकांना सांगून १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा बाल कल्याण समितीला कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरी फोन त्याआधी करू नका.