एलपीजीएवर विजेतेपद नाही, तरी अदिती अशोक मोठी का?

तुम्ही विचारलंय की भारताची गोल्फपटू अदिती अशोक 2017 पासून अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर (महिला व्यावसायिक गोल्फच्या स्पर्धामालिकेत) खेळते, तिथं तिच्या नावावर एकही विजेतेपद नाही, मग एवढं कौतुक कशाचं? बरीच वर्षं महिला गोल्फ नेमानं बघते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कट म्हणजे काय ते बघा. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत शंभराहून जास्त जणी उतरतात. दोन फेऱ्या, म्हणजे 36 होल झाले की साधारण निम्म्या बाहेर पडतात, हाच कट, आणि बहुतेक स्पर्धांत त्यांना बक्षिसातलं काहीच मिळत नाही. विमानभाडं, हॉटेल, कॅडीचे (गोल्फची बॅग उचलणाऱ्या, सल्ला देणाऱ्या साथीदाराचे) पैसे मात्र सुटत नाहीत. हंगामाच्या शेवटी गुणतक्त्यात फार खाली गेलात तर टूर कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्कही जातो आणि पुन्हा पात्रता स्पर्धेपासून सुरुवात. तिच्याआधी या टूरवर खेळलेली भारतीय म्हणजे सिमी मेहरा, बाकी वाट मोकळीच होती. म्हणून तिथं टिकून राहणं हीच मला मोठी कमाई वाटते.

त्यातही अदितीचा फटका लांब जात नाही. हा मुद्दा नीट समजून घेतला तरच तिचा खेळ कळतो. ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, मागे राहिला की ग्रीनपर्यंतचा (होलभोवतीच्या बारीक गवतापर्यंतचा) दुसरा फटका लांबून मारावा लागतो. जोडीच्या खेळाडूच्या हातात जवळच्या फटक्याचं आठ-नऊ नंबरचं आयर्न असताना हिच्या हातात लांबच्या फटक्याची काठी, हायब्रिड, असतो. तो चेंडू कमी उंचीवरून येतो, ग्रीनवर चटकन थांबत नाही, घरंगळत पुढे जातो. हे नुकसान ती चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका) आणि पटवर (ग्रीनवरून होलकडे घरंगळवलेला फटका) भरून काढते, तेही प्रत्येक फेरीत.

टोकियो ऑलिंपिक आठवा. कासुमिगासेकीच्या मैदानावर तिनं 67, 66, 68, 68 असे स्ट्रोक (फटके) घेतले, एकूण 15 अंडर पार, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा 15 कमी. तेव्हा ती जागतिक क्रमवारीत 200 वी होती. त्याच वर्षी तिला कोविड होऊन गेला होता. कॅडी म्हणून सोबत आई होती. ड्राइव्हच्या अंतरात ती साऱ्या खेळाडूंमध्ये तळाशी होती आणि पटिंगमध्ये अगदी वर! नेली कोर्डा 17 अंडर, मोने इनामी आणि लिडिया को 16 अंडर. एका स्ट्रोकनं पदक हुकलं आणि ती चौथी आली. त्या दिवशी पहाटे उठून गोल्फ बघणारे किती लोक मला भेटले! बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन होल पूर्ण करणं) म्हणजे काय, हे आपल्याकडे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि एलपीजीएबाहेर विजेतेपदं नाहीतच असंही नाही. 2016 मध्ये, वयाच्या 18 व्या वर्षी, तिनं गुरुग्रामला इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा महिलांच्या युरोपियन टूरचा भाग होती; त्या टूरवर जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. लगेच कतारमध्येही जिंकली आणि त्या टूरवर त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित ठरली. पुढे 2017 मध्ये अबू धाबी, 2023 मध्ये केनिया आणि स्पेन.

हांगझोऊ आशियाई स्पर्धेवरून तिच्यावर टीका होते, ती काही अंशी रास्त आहे. तिसऱ्या फेरीत 61 मारून सात स्ट्रोकची आघाडी घेतली आणि शेवटच्या दिवशी 77. सुवर्ण थायलंडच्या खेळाडूकडे गेलं. पण आशियाई स्पर्धेत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली, हे टीका करताना कुणी लिहीत नाही, याचा मला खरंच राग येतो.

एलपीजीएवर ती विजयाच्या अगदी जवळ पोचली ती एप्रिल 2023 मध्ये, लॉस एंजेलिसला. चार फेऱ्यांनंतर हॅना ग्रीन, शीयू लिन आणि अदिती बरोबरीत होत्या. प्लेऑफ (बरोबरी फोडायला खेळलेले जादा होल) हॅना ग्रीननं जिंकला. वेळ काढून त्या शेवटच्या फेरीचे तिचे पट बघा, मग आपण पुन्हा बोलू.