मुलगा 'काकां'ची बाईक पुसतोय

प्रश्न: ताई, आम्ही ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड राज्यातल्या गोल्ड कोस्टला राहतो. मुलगा १९ चा, युनीत शिकतो. जिममध्ये साठीच्या एका बाईकवाल्याशी ओळख झाली, आता दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बाईक पुसतो, आमच्या गाडीतून कुणाकुणाला सोडतो. माणूस बोलायला गोड, मीही काकाच म्हणते. पण घरात खुंटीला पॅचवालं जॅकेट आहे म्हणे. काळजी करू का?

उत्तर: करा. हार्ली चालवणारा प्रत्येक जण गुंड नसतो, रविवारी कॉफी प्यायला निघणारे डेंटिस्टही असतात. पण पाठीवर वर क्लबचं नाव, मधे चिन्ह, खाली प्रदेश आणि पुढे शंकरपाळ्याच्या आकारात १% असं असेल तर ते 'बायकी' (bikie), म्हणजे कायद्याला न जुमानणाऱ्या बाईक क्लबचे मेंबर. क्वीन्सलँडमध्ये हे असले पॅच चारचौघांत घालायला बंदी आहे, म्हणून तर खुंटीला!

आता बाईक पुसण्याचं. आपल्याकडे वयाला मान, तिकडे पॅचला. आधी हँगअराउंड (तुमच्या मुलासारखा नुसता आसपास वावरणारा), मग प्रॉस्पेक्ट, म्हणजे उमेदवार (इथे नॉमसुद्धा म्हणतात), आणि मेंबरांनी होकार दिला तरच फुल पॅच, म्हणजे पूर्ण मेंबर; त्यामुळे पन्नाशीचा प्रॉस्पेक्टसुद्धा तिशीतल्या मेंबरला बीअर आणून देणार आणि बाहेर बाईका राखत बसणार. हेल्स एंजल्स या अमेरिकन बाईक क्लबचा सनी बार्गर विशीच्या आसपासच कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शाखेचा प्रेसिडेंट झाला, पुढे कॅन्सरने स्वरयंत्र काढावं लागलं, २०२२ मध्ये ८३ व्या वर्षी गेला, पण क्लबमधलं वजन शेवटपर्यंत तेवढंच. गुडघे गेले तर म्हातारे तीनचाकी घेतात, पॅच काही सोडत नाहीत. मग धावपळ कोण करणार? खालचे. इथे तर बाईकच न चालवणाऱ्या नव्या पोरांना 'नायकी बायकी' म्हणतात, स्पोर्ट्स शूज घालून फिरतात म्हणून.

तुम्ही पीआरवर (कायम राहण्याच्या व्हिसावर) असाल तर अजून एक. नुसत्या संबंधावरूनसुद्धा कॅरेक्टर टेस्टमध्ये (व्हिसासाठीच्या चारित्र्य तपासणीत) व्हिसा अडकू शकतो, गुन्हा सिद्ध व्हायलाच पाहिजे असं नाही. मायग्रेशन वकिलाला एकदा विचाराच.

पोराला ओरडू नका, त्या माणसाच्या दारात भांडायला तर मुळीच जाऊ नका. शनिवारी कुणाला कुठे सोडलं, हातात काही पार्सल दिलं का, एवढं शांतपणे जेवताना विचारा. पैसे, शूज, फोन असलं काही घेतलं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. परीक्षा, नवी नोकरी, काहीही कारण सांगून त्याने हळूहळू जाणं कमी करावं. आणि गाडीची रेजो (नोंदणी) तुमच्या नावावर असेल तर चावी आजच परत घ्या.