डीएनएच्या साखरेत एक ऑक्सिजन कमी, त्याने एवढा काय फरक पडतो?

बारावीतल्या एका मुलाने विचारलंय: "डीएनएत डीऑक्सिरायबोज, आरएनएत रायबोज. क्लासचे सर म्हणतात साखर नुसता सांगाडा आहे, चार बेस पाठ करा. एवढं पुरे का? आणि डीएनएत युरॅसिलऐवजी थायमिन का?"

पुरे नाही. आणि "नुसता सांगाडा" हे ऐकलं की आजही माझं डोकं तापतं.

एम.एस्सी.ला असताना माझे आरएनएचे नमुने सतत खराब निघायचे. आकारानुसार आरएनए वेगळं करणाऱ्या जेलवर 28एस आणि 18एस या दोन रायबोसोमल आरएनएचे दोन ठसठशीत पट्टे दिसायला हवेत. दिसायचा खाली ओघळलेला धूसर पट्टा. लॅबमधल्या सिनियरने सगळ्यांसमोर निकाल दिला: हिचे हात घाण आहेत, हातावरचा आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, नळ्यांत जातोय. मी ग्लोव्ह्ज बदलून बदलून थकले. मग लक्षात आलं की त्याच रॅकमधल्या तसल्याच नळ्यांत ठेवलेला डीएनए धड आहे. आरएनेज मारायला त्या नळ्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून ठेवायची पद्धत होती, आणि धुवायचं काम याच सिनियरकडे. एका नळीत थेंबभर पाणी फिरवून पीएच पेपरवर टाकलं. निळाशार! म्हणजे अल्कली नळीतच राहिली होती. नीट खळबळून घेतलेल्या नळ्यांत तेच आरएनए 65 अंशांवर तापवूनही दोन्ही पट्टे स्वच्छ आले.

कारण सगळं साखरेत आहे. रायबोजच्या दुसऱ्या कार्बनवर ओएच असतो आणि शेजारच्या तिसऱ्या कार्बनला फॉस्फेट जोडलेलं. अल्कलीत त्या ओएचचा प्रोटॉन निघतो, उरलेला ऑक्सिजन फॉस्फरसवर हल्ला करतो, फॉस्फेटचं कडं तयार होतं आणि साखळी तिथेच तुटते. डीऑक्सिरायबोजमध्ये त्या जागी नुसता हायड्रोजन, हल्ला करायला कुणी नाहीच. तीव्र अल्कलीत डीएनएचे दोन धागे सुटे होतात, पण धागा तुटत नाही. पिढ्यान्पिढ्या टिकवायची माहिती डीएनएत का ठेवली जाते, याचं मोठं कारण हे.

सिनियरने हे शेवटपर्यंत मानलं नाही. "बेस महत्त्वाचे, साखरेचं काय एवढं," हेच पालुपद. अरे, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फीबस लेव्हीनने रायबोज ओळखली 1909 मध्ये आणि डीऑक्सिरायबोज 1929 मध्ये. मधली वीस वर्षं काय सांगाड्यासाठी गेली? वर्गात मात्र त्याचं नाव निघतं ते फक्त त्याच्या चुकलेल्या टेट्रान्यूक्लिओटाइड सिद्धांतापुरतं (डीएनएत चार बेस समान प्रमाणात, चार-चारच्या गटाने येतात, हा तो सिद्धांत). मला हा अन्याय वाटतो.

थायमिनचं थोडक्यात: सायटोसिनचा अमाइन गट गळला की त्याचं युरॅसिल होतं. डीएनएत त्याच्या जागी थायमिन असतं, युरॅसिल मुळातच नसतं, त्यामुळे पेशीला ते उपरं म्हणून ओळखून काढता येतं.

हां, आरएनेज खोटा नाही. बहुतेक लॅबमध्ये आरएनए त्यानेच जातं, ग्लोव्ह्ज घालायचेच. आणि तो ओएच म्हणजे केवळ दुबळेपणाही नाही. आरएनएतले नको असलेले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापताना एका अ‍ॅडेनोसिनचा हाच ओएच पहिला घाव घालतो.

परीक्षेत दोन्ही साखरांची आकृती काढ, कार्बनना क्रमांक दे, दुसऱ्या कार्बनवर बाण दाखव. क्लासच्या सरांना एकच विचार: सांगाडा जर सारखाच, तर अल्कलीत आरएनएच का तुटतं?