उंची कमी, तरी उंच उडी?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. उंच उडीत तो तालुक्यात पहिला आला. उंची पाच फूट चार इंच. शाळेतले सर म्हणतात, ‘या उंचीवर पुढे काही व्हायचं नाही, लांब उडीकडे वळवा.’ काय करावं?
– एक पालक, संगमनेर

उत्तर : इतक्यात वळवू नका. त्याचं वाढीचं वय अजून सरलेलं नाही. उंच मुलाला या खेळात फायदा असतो, हे सरांचं खरंच आहे. पण मी माझ्या मुला-मुलींना ज्याच्या उड्या पुन्हापुन्हा दाखवते, तो स्वीडनचा स्टेफान होल्म अवघा १.८१ मीटर उंचीचा. २००५ साली माद्रिदला, बंदिस्त मैदानात, त्याने २.४० मीटर पार केले. म्हणजे स्वतःच्या डोक्यावर ५९ सेंटिमीटर!

त्याच्या आदल्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये २.३४ वर त्याने दोनदा पट्टी पाडली होती. तिसऱ्या, शेवटच्या संधीत ती उंची काढली आणि लगेच २.३६ पहिल्याच उडीत. सुवर्णपदक त्याचं झालं. सिडनीत तो चौथा होता आणि २००८ ला बीजिंगमध्येही चौथाच. मधल्या सुवर्णाइतकाच मला या दोन चौथ्या क्रमांकांचा आदर वाटतो.

होल्मची सारी करामत धावेत होती. शेवटची चार-पाच पावलं वळणावर, अंग आतल्या बाजूला कललेलं, शेवटून दुसरं पाऊल जरा लांब नि कंबर खाली, मग शेवटचं पाऊल झटकन. मुलाची उडी बाजूने मोबाइलवर टिपा. शेवटच्या पावलांत तो मंदावत असेल, तर आधी धाव सुधारायला हवी. उंचीचं नंतर बघू.

शाळेत जाड गादी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वाळूच्या खड्ड्यात पाठीवर पडायची उडी त्याला अजिबात मारू देऊ नका, मान दुखावेल. वाळूत कात्री उडीच, म्हणजे एकामागून एक पाय पट्टीवरून नेत पायांवर उतरायची उडी. नाशिक जिल्ह्यातल्या देवगावचा सर्वेश कुशारे सुरुवातीला मक्याचा भुसा भरून केलेल्या गादीवर सराव करायचा. तो पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला.

सरांशी वाद घालू नका. मोबाइलवरची धाव त्यांनाच दाखवा आणि गादीचा विषय पालकसभेत काढा.